चाकरी आणि पुढारपण

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या समाजांत फार जुनी आहे. आणि गेल्या दीडशें वर्षांत आपल्या मध्यम वर्गानें ती जितक्या निष्ठेनें उच्चारिली, तितक्याच निष्ठेनें आचरणांत उलटी केली आहे. शेती सुटली, व्यापार बहुधा आपला नव्हताच, आणि नोकरी, त्यांतहि सरकारी नोकरी, हाच आपल्या घरांतील मुलांचा पुरुषार्थ ठरला. असें असतां म्हणीनें नोकरीस कनिष्ठ कां म्हटलें, याचा विचार आपण क्वचितच करितों. पगार थोडा म्हणून तिला कनिष्ठ म्हटलेलें नाहीं. नोकर हा हुकमाचा ताबेदार. त्यानें दुसऱ्याच्या इच्छेनें उठावें व दुसऱ्याच्या इच्छेनें बसावें, हें त्या शब्दाचें मर्म आहे. मग ज्याचें सारें आयुष्य हुकूम पाळण्यांत जावयाचें, त्याच्या अंगीं पुढारपण कोठून यावें?

आज सरकारी खात्यांतून, महामंडळांतून व सरकारच्या मालकीच्या कारखान्यांतून हा प्रश्न मोठ्या उत्साहानें विचारला जातो. नोकरांच्या अंगीं नेतृत्वाचे गुण वाढावे म्हणून शिबिरें भरतात, व्याख्यानें होतात, प्रशस्तिपत्रें वांटलीं जातात. अशा एका शिबिरांत व्याख्यान देण्याचा मान कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांसहि मिळाला होता. तीन दिवस धैर्य, दूरदृष्टि व निर्णयशक्ति यांचा ऊहापोह झाला. भोजन उत्तम होतें. आणि निरोपाच्या वेळीं श्रोत्यांपैकीं एक वयस्क गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘सर, आपण सांगितलें तें सर्व पटलें. पण सोमवारीं कचेरींत गेल्यावर आम्हांला टिपणीच्या शेवटीं “आदेशार्थ सादर” असेंच लिहावयाचें आहे.’ या वाक्यास त्या वेळीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें पुष्कळ दिवस तें मनांत सलत राहिलें. प्रस्तुत लेख हें त्या गृहस्थांना उशिरां दिलेलें उत्तर आहे, असें म्हटलें तरी चालेल.

उत्तर शोधावयास फार दूर जावें लागलें नाहीं. पश्चिम रेल्वेवरील पालघर व बोईसर हीं दोन स्थानकें आणि बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकांठीं असलेलें तारापूर, एवढ्या लहानशा टापूंत चाकरी व पुढारपण यांच्या परस्परसंबंधाचा बराचसा इतिहास गोळा झालेला आहे. तो क्रमानें पाहिला म्हणजे व्याख्यानांनीं न उलगडणाऱ्या कांहीं गोष्टी आपोआप उलगडतात.

तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेंत, सन १७३९ च्या जानेवारींत, मराठ्यांनीं तो सर केला, आणि त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर हे नामांकित सरदार पडले. त्या काळचें पुढारपण डोळ्यांना दिसत असे. जो सर्वांच्या पुढें तटाकडे जाई तो पुढारी. शब्दाची व्युत्पत्तीच तशी आहे. तथापि येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. बाजी भिवराव हेहि पेशव्यांचे चाकरच होते. किल्ला घ्यावा हा हुकूम वरून आलेला. तो कसा घ्यावा, शिडी कोठें लावावी, माघार घ्यावी कीं न घ्यावी, हें मात्र तटाखालीं उभ्या असलेल्या मनुष्यानें ठरवावयाचें. म्हणजे चाकरी आणि पुढारपण यांचें वैर मुळांत नाहीं. तें पुढें पडलें, आणि कसें पडलें हें पाहण्यासारखें आहे.

इंग्रजी अमलांत शिडी लावण्याची जागा ठरविण्याचा अधिकार साहेबाकडे गेला व शिडी धरण्याचें काम एतद्देशीयांकडे राहिलें. विद्वत्ता, सचोटी व उद्योग या गुणांचा त्या काळच्या नोकरवर्गांत तोटा होता असें नव्हे. न्यायमूर्ति रानडे हे सरकारी नोकरच होते. परंतु त्यांचें पुढारपण न्यायासनाबाहेर, सार्वजनिक सभेंत व सामाजिक परिषदेंत प्रकट झालें. आणि तेंहि सरकारच्या डोळ्यांत खुपून १८७८-७९ च्या सुमारास त्यांची पुण्याहून नाशिकास व तेथून धुळ्यास बदली झाली. कचेरीच्या वेळांत चाकर आणि कचेरी सुटल्यावर पुढारी, अशी मनुष्याची दोन शकलें त्या राजवटीनें केलीं. रानड्यांसारख्या असामान्य पुरुषास तीं सांधतां आलीं. सामान्य नोकरानें पहिलें शकल ठेविलें व दुसरें टाकून दिलें.

याचा शेवट काय झाला तें पालघरच्या लोकांनीं सन १९४२ च्या १४ ऑगस्टला पाहिलें. ‘चले जाव’च्या त्या दिवसांत पालघरच्या कचेरीवर मोर्चा निघाला, त्यावर गोळीबार झाला आणि पांच जण हुतात्मे झाले. गांवांतील हुतात्मा चौक त्यांच्या नांवें आजहि उभा आहे. चौकावरून जातांना आमच्या मनांत हुतात्म्यांबरोबर दुसऱ्याहि एका पक्षाचा विचार येतो. बंदुकीच्या मागें उभे असलेले लोक दुष्ट असतीलच असें नाहीं. ते हुकूम पाळीत होते. निवळ हुकूम पाळण्याचें शिक्षण किती पूर्ण होऊं शकतें, याचा तो दिवस पुरावा आहे. पांच वर्षांनीं राज्य आपलें झालें. पण राज्य आपलें झाल्यानें चाकराची संवय एका रात्रींत पालटत नाहीं.

आणि नेमक्या याच वेळीं सरकारनें पूर्वीं कधीं न केलेलीं कामें अंगावर घेतलीं. सन १९५६ च्या औद्योगिक धोरणानें पोलाद, कोळसा, वीज, अणुशक्ति असे मोठमोठे उद्योग राज्याच्या हातीं आले. कारखाने उभे राहिले, परंतु ते चालवावे कोणी? महसूल गोळा करण्यांत व शांतता राखण्यांत मुरलेले अधिकारी होते. भट्टी पेटविणारे नव्हते. उपाय सुचले तेहि योग्यच होते. इंग्लंडांतील हेन्लीच्या धर्तीवर हैदराबाद येथें सन १९५६ मध्यें प्रशासकीय स्टाफ कॉलेज स्थापन झालें. आपले चिंतामणराव देशमुख यांनीं पुढें कांहीं वर्षें त्याच्या नियामक मंडळाची धुरा वाहिली. सन १९५७ मध्यें सरकारी उद्योगांसाठीं व्यवस्थापकांचा एक स्वतंत्र ताफा उभारण्याची योजना निघाली. कॉलेज टिकलें व वाढलें. ताफ्याची योजना मात्र एका भरतीनंतर खुंटली. तयार माणसें निवडून आणावीं व त्यांना निरनिराळ्या कारखान्यांवर नेमावें, एवढ्यानें पुढारी होत नाहींत, हा तिचा धडा होता. पुढारी निवडून आणतां येतो असें समजण्यापेक्षां तो घडवावा लागतो असें मानून चालणारा एक प्रयोग त्याच वर्षीं मुंबईजवळ ट्रॉम्बेस सुरू झाला, आणि त्याचें फळ तारापुरास दिसावयाचें होतें.

डॉ. होमी भाभा यांनीं सन १९४४ च्या मार्चमध्यें टाटा विश्वस्तांना लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. अणुशक्तीपासून वीज निर्माण करण्याचा काळ येईल तेव्हां हिंदुस्थानास तज्ज्ञांसाठीं परदेशाकडे पाहावें लागूं नये, ते घरींच तयार असावे, हा त्या पत्राचा आशय. त्या वेळीं जगांत कोठेंहि अणुवीज नव्हती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या दृष्टीचें मोल कळतें. सन १९५७ च्या ऑगस्टमध्यें ट्रॉम्बेस प्रशिक्षणशाळा निघाली. देशभरांतून विज्ञानाचे व स्थापत्य, यंत्र, विद्युत् अशा शाखांचे ताजे पदवीधर निवडावे, त्यांना वर्षभर कसून शिकवावें, परीक्षांच्या चाळणींतून काढावें, आणि उत्तीर्ण होतांच खऱ्या कामावर नेमावें, अशी तिची रीत. या शाळेंतून बाहेर पडलेला मनुष्य पुढें कितीहि मोठ्या पदावर चढला, तरी आपली ओळख ‘अमक्या तुकडीचा’ अशीच करून देतो, असा आमचा अनुभव आहे. मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. मधून यंत्रशास्त्राची पदवी घेतलेले डॉ. अनिल काकोडकर हे याच शाळेंतून सन १९६४ मध्यें अणुशक्ति केंद्रांत रुजू झाले, सन १९९६ मध्यें त्याच केंद्राचे संचालक झाले आणि सन २००० मध्यें अणुशक्ति आयोगाचे अध्यक्ष झाले. खालच्या पायरीवर शिरलेल्या चाकरास वरच्या पायरीपर्यंतची वाट मोकळी ठेवणें, हेंहि शिक्षणाचेंच एक अंग आहे. वाट बंद असेल तर वर्ग कितीहि भरवा, विद्यार्थी निजूनच ऐकतात.

आतां तारापूर. अमेरिकेशीं सन १९६३ च्या ऑगस्टमध्यें करार झाला. पुढील वर्षीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे काम सोंपविण्यांत आलें. केंद्र सर्वस्वी उभारून व चालू करून द्यावें आणि किल्ल्या हिंदी माणसांच्या हातीं ठेवाव्या, असें त्या काराराचें स्वरूप होतें. अणूपासून वीज किफायतशीरपणें निघूं शकते हें लवकर सिद्ध व्हावें, म्हणून भाभांनीं हा मार्ग पत्करला. सिद्धि पाहावयास ते राहिले नाहींत; सन १९६६ च्या २४ जानेवारीस आल्प्स पर्वतांत विमान-अपघातांत त्यांचा अंत झाला. तारापूरच्या दोन भट्ट्या सन १९६९ च्या फेब्रुवारींत प्रथम प्रज्वलित झाल्या, त्याच वर्षाच्या २८ ऑक्टोबरपासून त्यांची वीज महाराष्ट्रास व गुजराथेस मिळूं लागली, आणि सन १९७० च्या जानेवारींत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें रीतसर उद्घाटन झालें. प्रत्येक भट्टीची शक्ति २१० मेगावाट होती. हिंदुस्थानांतील अणुवीज येथून सुरू झाली.

किल्ल्या हातीं आल्या. पण तेवढ्यानें घर आपलें होत नाहीं. पुढारपणाच्या दृष्टीनें या केंद्रांतील सर्वांत महत्त्वाची जागा संचालकाची खोली नव्हे. ती जागा म्हणजे नियंत्रण-कक्ष. तेथें रात्रंदिवस पाळ्या चालतात. पाळीवरील मनुष्याला पदवी असून भागत नाहीं. त्याला परवाना लागतो. तो लेखी व तोंडी परीक्षा देऊन, यंत्रावर प्रत्यक्ष काम करून दाखवून मिळवावा लागतो, आणि ठराविक मुदतीनें पुन्हां कसोटीस उतरावें लागतें. सन १९८३ मध्यें स्थापन झालेलें अणुऊर्जा नियामक मंडळ आज या परवान्यांवर देखरेख करितें. मध्यरात्रीं संचालक घरीं असतात. त्या वेळीं पाळीप्रमुख हाच केंद्राचा धनी. भट्टी सुरक्षित नाहीं असें वाटलें तर ती थांबविण्यासाठीं त्यानें कोणाची टिपणी मंजूर होण्याची वाट पाहावयाची नसते. तो ती थांबवितो, वेळेसह नोंदवहींत लिहितो, व खालीं आपली सही करितो. एका भट्टीची वीज थांबली म्हणजे किती नुकसान होतें हें त्याला ठाऊक असतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याला कारण विचारलें जाणार हेंहि ठाऊक असतें.

आमचा एक जुना विद्यार्थी अशाच एका केंद्रांत पाळीवर असे. परवाना मिळाल्यानंतरच्या पहिल्या रात्रीविषयीं त्यानें आम्हांस सांगितलेलें एक वाक्य आम्ही विसरलों नाहीं. ‘त्यापूर्वीं कांटा थोडा हलला कीं मी मागें वळून पाहत असें. त्या रात्रीं मागें कोणी नव्हतें.’ शिबिरांत तीन दिवसांत जें आम्हांस सांगतां आलें नाहीं, तें या दोन ओळींत आहे. मागें कोणी नाहीं ही जाणीव ज्या दिवशीं होते त्या दिवशीं चाकर पुढारी होऊं लागतो. मात्र ती होण्यापूर्वीं मागें कोणीतरी पुष्कळ वर्षें उभें राहिलेलें असावें लागतें. शिक्षण न देतां अधिकार देणें हा जुगार होय, आणि शिक्षण देऊन अधिकार न देणें ही फसवणूक होय.

तारापुरास ही जाणीव व्यक्तीप्रमाणें सबंध संस्थेसहि लवकरच झाली. सन १९७४ च्या मे महिन्यांत पोखरण येथें अणुस्फोटाची चांचणी झाली आणि परदेशांची मदत आटूं लागली. अमेरिकेनें सन १९७८ मध्यें नवा कायदा केला. कराराप्रमाणें यावयाचें इंधन प्रथम अडखळूं लागलें व मग थांबलें. सन १९८२ मध्यें फ्रान्सनें तें पुरविण्याचें मान्य केलें, पुढें इतर देशांशींहि व्यवहार झाले. मधल्या काळांत आपल्याच शास्त्रज्ञांनीं युरेनियम व प्लुटोनियम यांचें मिश्र इंधन बनवून सन १९९० नंतरच्या दशकांत तें येथील भट्ट्यांत वापरून दाखविलें. इंधनाइतकीच मोठी अडचण दुरुस्तीची होती. यंत्रें परक्यांचीं, सुटे भाग दुर्मिळ, आणि आरंभींच्या वर्षांत इंधनाचीं आवरणें फुटल्यानें कित्येक जागीं किरणोत्साराचें प्रमाण चढलेलें. अशा जागीं काम करावयाचें तर कोणीं किती मिनिटें आंत थांबावयाचें याचा हिशेब ठेवून माणसें फिरवावीं लागतात. आपल्या माणसाच्या अंगावर पडणारा किरणोत्सार मोजून त्याला वेळेवर बाहेर बोलावणारा अधिकारी, आणि ‘काम संपेपर्यंत थांब’ असें म्हणणारा अधिकारी, या दोघांतील अंतर कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत दिलेल्या व्याख्येपेक्षां अधिक बोलकें आहे.

याच काळांतील एक निर्णय आम्हांस विशेष शिकविण्यासारखा वाटतो. दुय्यम वाफ-उत्पादकांच्या नळ्या वारंवार बिघडूं लागल्या, तेव्हां ते उत्पादक अलग करून भट्टीची शक्ति २१० वरून १६० मेगावाटपर्यंत उतरविण्यांत आली. कागदावर ही पीछेहाट होती. आंकड्यांच्या मोहांत सांपडलेल्या नोकरशाहीला कमी आंकडा वर कळविण्याची मोठी लाज वाटते. परंतु जितकें निर्धोकपणें जमतें तितकेंच करूं, व तें सांगूं, असें ठरविणें हें तटावर चढण्यापेक्षां निराळ्या प्रकारचें धैर्य आहे. हें धैर्य होतें म्हणूनच त्या भट्ट्या टिकल्या. सन २०२० मध्यें मोठ्या दुरुस्तीसाठीं त्या थांबविण्यांत आल्या, तेव्हां त्यांच्या वयास पन्नास वर्षें उलटून गेलीं होतीं.

दरम्यान शिष्यांनीं गुरूवांचून घर बांधून दाखविलें होतें. सन १९८७ मध्यें अणुवीज निगमाची स्थापना झाली, आणि जुन्या भट्ट्यांच्या शेजारींच ५४० मेगावाटच्या दोन नव्या भट्ट्यांचें काम सन २००० च्या मार्चमध्यें सुरू झालें. त्यांचा आराखडा हिंदी, बांधणी हिंदी, चालविणारेहि हिंदी. चौथ्या क्रमांकाची भट्टी सन २००५ च्या ६ मार्चला, म्हणजे अवघ्या पांच वर्षांत, प्रज्वलित झाली. तिसरी त्यानंतर वर्षभरानें. सन १९६४ मध्यें ज्या ठिकाणीं परक्याच्या हाताकडे पाहत उभें राहावें लागलें, त्याच ठिकाणीं चाळीस वर्षांनीं हें घडलें. सरकारी नोकरांच्या हातून कांहींच वेळेवर होत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं या दोन तारखा पाठ कराव्या.

इतकें वाचून कोणी म्हणेल कीं, यंत्राच्या शिस्तींत तयार झालेला मनुष्य म्हणजे आदर्श पुढारी. तसें म्हणण्यापूर्वीं जपानकडे पाहिलें पाहिजे. फुकुशिमा येथील पहिल्या केंद्रांतील भट्ट्या तारापूरच्याच जातीच्या व तारापूरनंतर सुरू झालेल्या. सन २०११ च्या ११ मार्चला भूकंप व त्सुनामी यांच्या तडाख्यांत त्या सांपडल्या. दुसऱ्या दिवशीं भट्टी थंड ठेवण्यासाठीं समुद्राचें पाणी आंत सोडणें चालू असतां तें थांबवावें असा निरोप टोकियोच्या मुख्य कचेरींतून आला. केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांनीं सर्वांना ऐकूं जाईल असा थांबविण्याचा हुकूम दिला. मात्र तत्पूर्वीं जवळच्या सहकाऱ्याच्या कानांत, काय वाटेल तें झालें तरी पाणी थांबवूं नका, असें सांगून ठेविलें. पाणी चालू राहिलें. पुढें जपानी संसदेनें नेमलेल्या कुरोकावा समितीनें सन २०१२ मध्यें अहवाल दिला, त्यांत या अनर्थाचें मूळ यंत्रांपेक्षां माणसांच्या संवयींत दाखविलें होतें; वरिष्ठांना प्रश्न न विचारण्याची व आज्ञा मुकाट्यानें पाळण्याची वृत्ति ही त्यांतील प्रमुख. जगांत शिस्तीविषयीं जपान्यांचा लौकिक मोठा. तेथें अशी कबुली द्यावी लागली, हें आपण लक्षांत ठेवावें. शिस्त हवीच, पण जी शिस्त खालच्या माणसाला ‘नाहीं’ म्हणूं देत नाहीं ती आणीबाणीच्या वेळीं सर्वांनाच घेऊन बुडते. आणि योशिदांसारख्या मनुष्याला योग्य तें करण्यासाठीं वरिष्ठांची समजूत चोरून काढावी लागली, यांत त्यांचें भूषण असलें तरी त्यांच्या संस्थेचें नव्हे.

तारापूरच्या यशालाहि एक उणी बाजू आहे, ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. नव्या दोन भट्ट्यांसाठीं पोफरण व अक्करपट्टी या गांवांना उठावें लागलें. पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. किनाऱ्यावरील मच्छिमाराला होडी लावावयास जागा हवी, वाळवणासाठीं वाळू हवी, समुद्र हांकेच्या अंतरावर हवा. त्याला आंतल्या बाजूस पक्कें घर बांधून दिलें म्हणजे हिशेब पुरा झाला असें दफ्तराला वाटतें, त्याला वाटत नाहीं. अणूच्या गाभ्यांतील सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या विद्येला कुंपणापलीकडील शेजाऱ्याचें मन मोजावयास शिकविलेलें नव्हतें. नियंत्रण-कक्षांतील पुढारपण हें यंत्राला उत्तरदायी असतें व वरिष्ठाला असतें. लोकांना उत्तरदायी होणें ही तिसरी पायरी आहे, आणि ती चढल्यावांचून सार्वजनिक नोकराचें पुढारपण पुरें होत नाहीं. १९४२ च्या कचेरीपुढें जी दरी होती, ती बंदूक नसली तरी कुंपणानेंहि पडूं शकते.

ही तिसरी पायरी कशी शिकवावी, याचा धडाहि याच जिल्ह्यांत सांपडतो. ताराबाई मोडक यांनीं सन १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें केंद्र काढलें, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि सन १९५७ मध्यें हें कार्य डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर आलें. ट्रॉम्बेची शाळा निघाली तेंच हें वर्ष. एकीकडे देशांतील निवडक पदवीधर, दुसरीकडे वारल्यांच्या पाड्यांवरील मुलें व बेताच्या शिकलेल्या बाया! मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच शाळाच त्यांच्या अंगणांत नेली, तीच अंगणवाडी. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांत नेली; ती कुरणशाळा. शिंपले, बिया, पानें, काटक्या हेंच साहित्य. जेथें काम करावयाचें तेथल्याच बायकांना बालसेविका म्हणून तयार केलें. त्यांच्या मागेंहि प्रथम अनुताई उभ्या राहिल्या आणि मग बाजूस झाल्या. सन १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारनें बालविकासाची मोठी योजना सुरू केली, तेव्हां ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आज अंगणवाडी-सेविका ही सरकारी उतरंडीच्या तळाशीं आहे. दफ्तराच्या भाषेंत ती पुरती नोकरहि नाहीं, तिला पगार न म्हणतां मानधन म्हणतात. पण कोणाच्या घरीं मूल आजारी आहे, कोणती गरोदर बाई उपाशी आहे, कोणत्या पाड्यास कसें बोललें म्हणजे पटतें, हें ती जाणते. तिच्याकडे परवाना नाहीं व अधिकार तर मुळींच थोडा. तरी पाड्यावरील लोक तिच्या मागून येतात. पुढारपणाची याहून सोपी खूण आम्हांस ठाऊक नाहीं.

नियंत्रण-कक्ष आणि अंगण या दोन शाळा एकमेकींपासून कांहीं कोसांवर आहेत. एकीनें दुसरीपासून शिकावें अशी योजना मात्र आमच्या पाहण्यांत आली नाहीं. पाळीप्रमुखाला सहीचा अधिकार आहे, त्याला अंगणांत जाऊन बसण्याची संवय हवी. सेविकेला अंगणाची ओळख आहे, तिच्या शब्दाला सहीचें वजन हवें. सन २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, नव्या नेमणुका झाल्या. या नव्या जिल्ह्याचे चाकर कोणत्या शाळेंत तयार होणार, हा त्याच्यापुढील मोठा प्रश्न आहे, आणि आपल्याच घरांतील मुलें त्या खुर्च्यांवर बसावयाचीं असल्यामुळें तो आपलाहि प्रश्न आहे. परीक्षेचीं पुस्तकें त्यांच्या हातीं देतांना, त्या खुर्चीवर बसल्यावर मागें वळून कोणाकडे पाहावयाचें व केव्हां पाहावयाचें नाहीं, हें आपण त्यांना सांगतों काय?

शिबिरांतील त्या गृहस्थांना आम्ही आज असें सांगूं: सोमवारीं कचेरींत गेल्यावर आपण ‘आदेशार्थ सादर’ अवश्य लिहावें, ती राज्ययंत्राची रीत आहे व तींत कमीपणा नाहीं. पण त्या दोन शब्दांच्या वर, आपण पाहिलें काय व आपल्या मतें करावें काय, याची एक स्पष्ट ओळ लिहावी, आणि ती लिहिण्यापूर्वीं ज्याच्यासंबंधीं ती नस्ती आहे त्याचें तोंड एकदां पाहून यावें. मग खालीं सही करावी. आणि त्यांच्या वरिष्ठांना सांगूं, कीं ती ओळ आपणांस न आवडली तरी ती लिहिणाऱ्याची बदली करूं नका. रानड्यांची झाली, तेवढी पुरे.